नातवाशी जर्मन बोलू नका

पत्र (थोडं कमी करून):

मी बडोद्याची, वय ६३, बँकेतून निवृत्त. माहेर दांडिया बाजारातलं, आता आम्ही वाघोडिया रोडला राहतो. माझी शाळा गुजराती माध्यमाची, नोकरीही गुजराती-हिंदीतच झाली, पण घरात कायम मराठी. मुलगा श्टुटगार्टला असतो. सून गुजराती, बडोद्याचीच. नातू साडेतीन वर्षांचा. तिकडच्या पाळणाघराला किटा म्हणतात, तिथे तो दिवसभर असतो. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. मी मराठीत काही विचारलं की तो "वास?" म्हणजे "काय?" म्हणतो आणि पळून जातो. म्हणून मी जर्मनचा क्लास लावला. मार्चमध्ये ए-वनची, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा आहे, फी भरून झाली. मेमध्ये तीन महिन्यांसाठी तिकडे जायचं आहे. पण डेर-डी-डास, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लागणारे शब्द, काही डोक्यात राहत नाहीत. त्यात अंदमानच्या बोआ सीनियर या बाईंबद्दल वाचलं. २०१० मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची बो भाषाही संपली. दोन दिवस चैन पडेना. जर्मन बोलणारे कोट्यवधी आहेत, त्यात माझी भर कशाला? त्यापेक्षा तेजगढच्या आदिवासी अकादमीत जाऊन राठवा आदिवासींची राठवी बोली शिकावी, ती वाचवायला हातभार लावावा असं वाटतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई छोटा उदेपूरकडच्या, राठवाच आहेत. त्यांची पाच वर्षांची मुलगी बरोबर येते. तिला मी गुजराती कक्को, म्हणजे मुळाक्षरं शिकवते, शुद्ध बोलायला लावते. फार हुशार आहे, आता आईशीही गुजरातीच बोलते. आमचे हे म्हणतात, या वयात दोन्ही खुळं सोड. तुम्ही काय म्हणता?
एक आजी, बडोदे

उत्तर:

ताई,

जर्मन सोडू नका, राठवीही शिका, पण नातवाशी जर्मन अजिबात बोलू नका. यातलं शेवटचं सगळ्यात निकडीचं आहे, म्हणून आधी तेच घेते.

शाळा गुजराती, नोकरी गुजराती-हिंदी, आणि तरी मला चार पानांचं पत्र तुम्ही झकास मराठीत लिहिलंत. ही मराठी तुम्हाला कुणी दिली? गायकवाड बडोद्यात आले त्याला तीनशे वर्षं होत आली. राज्य मराठ्यांचं, प्रजा गुजराती. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा साहजिकच बहुतेक शाळा गुजरातीच होत्या. बाजार गुजराती, शेजार गुजराती. तरीही दांडिया बाजारातल्या घरांत मराठी राहिली, कारण मूल जागं झाल्यापासून झोपेपर्यंत कुणीतरी म्हातारं माणूस त्याच्याशी मराठीत बोलत असे. रागवायचं मराठीत, भरवायचं मराठीत, दृष्ट काढायची मराठीत. त्यासाठी कुणी क्लास काढला नव्हता की चळवळ केली नव्हती.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते. मराठीची मला काळजी नाही. पण श्टुटगार्टच्या त्या घरात मराठी येणारा माणूस एकच, तुमचा मुलगा, आणि तो संध्याकाळी दमून घरी येतो. त्या घरापुरती मराठी बोआबाईंच्या बोसारखीच काठावर उभी आहे. नातवाला जर्मन शिकवायला अख्खं श्टुटगार्ट बसलंय. मराठी द्यायला तुम्ही आहात, आणि तुम्ही निघालात त्याच्याशी मोडकंतोडकं जर्मन बोलायला! ए-वनच्या जर्मनमध्ये तुम्ही त्याला काय सांगणार? माझं नाव अमुक, मी बडोद्यात राहते, मला चहा आवडतो. पोरगं साडेतीन वर्षांचं असलं तरी चार दिवसांत तुमच्या पुढे जाईल, आणि मग तुमच्या चुका काढेल.

आजीचं महत्त्व मी उगाच वाढवून सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची भाषा अशीच चालली होती. मधल्या पिढीनं शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजी धरली. भाषा राहिली ती आजी-आजोबांकडे. मग १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता इथं त्यांनी पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू केलं. बालवाडीच, पण आत फक्त माओरी बोलायची आणि मुलांबरोबर बसायचं म्हाताऱ्यांनी. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे शिक्षणाची पदवी वगैरे काही नव्हती. त्यांनी मुलांना खेळवलं, गाणी म्हटली, जेवू घातलं. काही वर्षांत देशभर अशा शेकडो बालवाड्या झाल्या, १९८७ मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, आणि हवाईच्या लोकांनीही १९८४ मध्ये तोच कित्ता गिरवला. सगळं आलबेल झालं असं नाही, इंग्रजीचा रेटा तिथंही आहेच. पण मधली पिढी गळाली तरी आजी-नातवाची गाठ घालून देता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

आता तुमचा रविवारचा कॉल. तो कसा होत असेल ते मला इथं बसून दिसतंय. "काय करतोस? जेवलास का? काय जेवलास? हे काय आहे हातात? मराठीत सांग बरं!" मुलाला ही तोंडी परीक्षा वाटते आणि तो पळतो. तुम्हीही पळाला असतात. प्रश्न बंद करा. फोन समोर टेकवून ठेवा आणि काहीतरी करत करत बोला. पोळ्या लाटा, एखादी पोळी बाहुलीएवढी लाटा, ती फुगली की ओरडा. खारीला दाणे टाका. त्याच्या बाजूला त्यालाही कणकेचा गोळा द्यायला सांगा, तिकडे आटा मिळतो.

आणि चिऊ-काऊची गोष्ट सांगा, दर खेपेला तीच. नवी शोधत बसू नका. त्या गोष्टीत किती हुशारी आहे पाहा. काऊ दर वेळी तेच म्हणतो, "चिऊताई चिऊताई, दार उघड." चिऊही दर वेळी "थांब" म्हणते, फक्त पुढचं काम बदलतं: माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, अंग पुसू दे, तीट लावू दे, झोपवू दे. एकच साचा, त्यात दर वेळी एक नवा शब्द, आणि बाळाचं काय चाललंय ते तुम्ही करून दाखवताय. परकी भाषा शिकवण्याच्या महागड्या पुस्तकांत याहून वेगळं काही नसतं. पहिले काही रविवार तो नुसता ऐकेल. मग एखाद्या दिवशी टेबलावर ठकठक करेल. त्या ठकठकीला मराठीच समजा आणि दार उघडा. बोलणं मागून येतं, समजणं आधी. तो जर्मनमध्ये काही म्हणाला तर "असं नाही, मराठीत बोल" म्हणू नका. त्याचं म्हणणं कळलं असेल तर तेच मराठीत म्हणून पुढे जा: "हो का, गाडी पडली का? कुठं पडली?" इथं तुमच्या जर्मनचा खरा उपयोग आहे. त्याचं तुम्हाला कळावं, तुमचं उत्तर मात्र मराठीत असावं. तुमच्या मिस्टरांना काऊ करा. एवीतेवी ते कॉलला मागं पेपर वाचतच बसलेले असणार.

मात्र रविवारचा एक कॉल पुरत नाही. मुलाला किती भाषा येतील हे त्याच्या कानावर रोज किती पडतं त्यावर ठरतं. रोज दहा मिनिटं, त्याच्या जेवणाच्या किंवा आंघोळीच्या वेळेला, असं जमवा. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथं हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ झालेले असतात. थोडं जागावं लागेल.

मुलाशी बोला, पण "मराठी विसरलास का रे" या सुरात नको. परदेशात राहणाऱ्या मुलांच्या कानाला हा सूर लागला की ते फोन ठेवायची घाई करतात. त्याला एकच मागणं करा: पोराला झोपवताना आणि शनिवारी-रविवारी बागेत नेताना त्यानं मराठीतच बोलावं. सगळा दिवस मागितलात तर काहीच मिळणार नाही. वेळ बांधून दिली की माणूस पाळतो.

सुनेनं गुजराती बोलावी, भरपूर बोलावी. विहीणबाईंनाही कॉलवर घ्या. तीन भाषांनी मूल गोंधळेल, बोलायला उशीर करेल ही भीती तिकडे कुणी घातली असेल तर ती मनातून काढून टाका. दोन-तीन भाषांच्या घरातली मुलं एका वाक्यात तिन्ही मिसळतात, ते स्वाभाविक असतं, आणि हळूहळू कुणाशी कुठली बोलायची हे त्यांना आपसूक कळतं. अनेक भाषा ऐकल्यानं बोलण्यात दोष येत नाही. आपण बडोद्याच्या माणसांनी तर ही शंका काढूच नये. आपण दाराच्या आत मराठी, ओट्यावर गुजराती आणि स्टेशनवर हिंदी बोलतच मोठे झालो.

आता जर्मन. ते नातवासाठी शिकू नका, स्वतःसाठी शिका. तीन महिने तुम्ही तिथं राहणार, मुलगा-सून कामावर जाणार. खाली बेकरीत जाऊन पाव आणता आला पाहिजे, ट्राममध्ये चढता आलं पाहिजे, बागेतल्या बाकावर शेजारच्या आजीशी हवापाण्याचं बोलता आलं पाहिजे. किटाच्या बाईंनी नातवाबद्दल काही सांगितलं तर निदान मुद्दा कळावा. नाहीतर तीन महिने फ्लॅटच्या खिडकीत बसून काढाल. फिरायला जाणाऱ्यांच्या व्हिसासाठी जर्मनच्या परीक्षेची अट नाही. ए-वनची अट साधारणपणे नवरा-बायकोपैकी एकजण तिकडे कायमचं राहायला जातो तेव्हा असते. त्यामुळे मार्चमध्ये नापास झालात तरी विमान चुकत नाही. फी भरली आहे तर परीक्षा द्या, मौज म्हणून.

डेर-डी-डासला घाबरू नका. इंग्रजी बोलणाऱ्याला तीन लिंगं ऐकून घाम फुटतो, आपल्याला तो-ती-ते घरचंच आहे. अडचण एवढीच की त्यांचं लिंग आणि आपलं लिंग जुळेलच असं नाही. त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र बाप्या. म्हणून नुसता शब्द पाठ करायचा नाही, डेर-डी-डास लावूनच करायचा. वहीत तीन रंगांची पेनं वापरा. काही खुणा आहेत: शब्दाच्या शेवटी 'उंग', 'हाइट' किंवा 'काइट' आलं की 'डी', लहानपणा दाखवणारं 'शेन' आलं की 'डास', वारांची आणि महिन्यांची नावं 'डेर'. आज केलेले शब्द उद्या पाहा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. विसरण्याचा असा अभ्यास १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानंच स्वतःवर प्रयोग करून मांडला. रात्री तासभर घोकण्यापेक्षा दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं बरी.

आकड्यांत तर तुम्ही वर्गात पहिल्या येणार. एकवीस म्हणताना जर्मन माणूस 'एक आणि वीस' असंच म्हणतो, एकक आधी, आपल्यासारखं. (२०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! ती मुलं पुढे जर्मन शिकली तर त्यांना थोडं अवघड जाईल.)

आता राठवी. इथं मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका.

बो भाषा कशी गेली ते आधी बघू. ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा जमाती होत्या, प्रत्येकीची आपली भाषा. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथं कैद्यांची वसाहत केली, मग साथीचे रोग आले, माणसं पटापट गेली. १९६० च्या दशकात सगळे मिळून वीसच्या आत उरले. बोआबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याशी बोमध्ये बोलणारं कुणी नव्हतं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी लिहून ठेवलंय की त्या पाखरांशी बोलायच्या. ते वाचून झोप उडते, माझीही उडाली होती. पण राठवीची गोष्ट ती नाही. राठवी ही भिली कुळातली, बोलणारे लाखांत आहेत, छोटा उदेपूरच्या गावांत पोरंटोरं ती बोलत खेळतात. ती तुटते तिथून कामासाठी बडोद्याला आल्यावर. कडियाकामाला, म्हणजे गवंडीकामाला आलेलं कुटुंब, घरकामाला लागलेली बाई, शाळेत चाललेलं मूल. आणि ती कशी तुटते ते तुमच्याच पत्रात आहे: "शुद्ध बोलायला लावते", "आता आईशीही गुजरातीच बोलते".

ती मुलगी तुमच्या ओट्यावर बसून हे शिकली की आईची बोली अशुद्ध आहे. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण आईनं ते ऐकलं, आणि तिनंही तुमच्यासमोर लेकीशी राठवी बोलायचं सोडलं असणार. माओरी आयांचंही हेच झालं होतं. तुमच्या सुनेला उद्या किटात कुणी "घरी जर्मन बोला" म्हणालं तर तिचंही हेच होईल.

तेव्हा तुमचं तेजगढ सध्या तुमच्या ओट्यावरच आहे. मुलीला गुजराती शिकवणं थांबवू नका, तिला शाळेत ती लागणारच. फक्त चुका काढणं थांबवा. कक्क्यातला 'क' झाला की विचारा, "तुमच्या घरी क वरून काय काय असतं?" तिनं सांगितलेलं वहीत गुजराती लिपीतच लिहा. राठवी लिहायची तर तिकडे तीच लिपी वापरतात. ती शिकवणार, तुम्ही शिकणार. तुमचा उच्चार चुकला की ती हसेल, हसू द्या. पाच वर्षांच्या पोरीला बँकेतल्या आजींची चूक काढायला मिळाली की तिच्या बोलीचा भाव वधारतो. आईलाही बसवा. भांडी झाल्यावर अर्धा तास तिनं लेकीला आणि तुम्हाला गावाकडची एखादी कहाणी सांगावी. मात्र त्या अर्ध्या तासाचे पैसे द्या. तुम्ही जर्मनच्या बाईंना देताच ना? भाषा शिकवणारीला फक्त चहा देऊन भागवणं मला पटत नाही. तिनं नको म्हटलं तर तेही ऐका. दमलेल्या बाईला संस्कृतिरक्षणाचं काम लावायचा आपल्याला हक्क नाही.

गोष्ट रेकॉर्ड करायची असेल तर आधी विचारा, आणि ती कुठं ठेवणार, कुणाला ऐकवणार तेही सांगा. देवाधर्माची, पिठोरा या राठवांच्या देवाच्या मानतेची, म्हणजे नवसाची गाणी तिनं आपण होऊन म्हटली तरच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. फाइल तिच्या फोनवरही द्या. लेक मोठी झाल्यावर तिला आईचा तो आवाज लागेल.

तेजगढलाही जा, जरूर जा. पण बिऱ्हाड हलवायची गरज नाही. ते बडोद्याहून नव्वदेक किलोमीटरवर आहे. गणेश देवींनी १९९६ मध्ये बडोद्यात 'भाषा' ही संस्था काढली, तिचीच तेजगढची आदिवासी अकादमी. देवी मूळचे मराठी, बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. पुढे त्यांनी २०१० पासून भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण केलं, त्यात ७८० भाषा नोंदल्या गेल्या. अकादमीत 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे, आदिवासींच्या आवाजांचं आणि वस्तूंचं. 'भाषा'नं आदिवासी बोलींमधून 'ढोल' नावाचं नियतकालिकही काढलं. ते सगळं बघताना तुमच्या बाईंना आणि मुलीलाही बरोबर न्या, त्यांना चालणार असेल तर. तिची बोली अभिमानानं मांडून ठेवलेली जागा त्या मुलीनं बघावी. तुम्ही तिथं मदतनीस म्हणून काय करू शकता ते तिथल्या लोकांना विचारा, स्वतः ठरवून जाऊ नका. बँकेतल्या निवृत्त बाई त्यांना हिशेबाला जास्त उपयोगी पडतील, असंही निघू शकतं.

राहिलं वेळेचं. सकाळी जर्मनचे शब्द, दुपारी ओट्यावर राठवीची वही, रात्री चिऊ-काऊ. एवढं झेपतं. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस राठवीला सुट्टी दिलीत तरी चालेल, पण रात्रीच्या कॉलला नको.

आणि एक, तिकीट काढायच्या आधी दिवस मोजा. फिरायला जाणाऱ्यांच्या त्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तीन महिने नव्हे, आणि पोहोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. १ मेला उतरलात तर २९ जुलैला नव्वद भरतात. मुलानं ३१ जुलैचं तिकीट बघून ठेवलं असेल तर आजच फोन करा.